पाहुण्याला निघू देऊ नका

पाहुणचारात कोल्हापूरचा हात कोण धरणार? तेव्हा एकदा आला की हलणारच नाही, असा पाहुणा आणा. डायॉक्सिन घ्या, कचरा जळताना तयार होणारं विषारी रसायन. अंगात शिरलेल्यातलं निम्मं बाहेर पडायलाच 7 ते 11 वर्षं जातात. एवढा मुक्काम घरजावईसुद्धा लाजून करायचा नाही.

बोलावणं धाडायला खर्च नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर कचरा पेटवा, त्यात जुन्या वायरी न् पीव्हीसी पाइपांचे तुकडे आठवणीनं टाका. धूर शिवारात उतरतो, गवतावर बसतो, गवत बोकड खातो. बोकडाचं पुढं काय होतं, ते रविवारी सकाळी खाटकाच्या दारात पिशवी घेऊन उभ्या माणसाला मी काय सांगणार! तिथं फक्त 'मामा, जरा चरबी घाला' म्हणायला विसरू नका. डायॉक्सिन काय आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी नावाचं विषारी रसायन काय, दोघांनाही चरबीतच झोप लागते.

रश्श्यावरचा तवंग काढायचं मनातही आणू नका. मटणाची चरबी वितळून तिथंच येते. ती टाकली तर थोडे पाहुणे दारातूनच परत जायचे. वाटी तोंडाला लावायची, लालभडक थर ओठांना चिकटेपर्यंत ओढायचं, आणि दुसरी मागायची. (जाळ मोठा केला की सगळं मरतं, म्हणणारे काका प्रत्येक पेठेत आहेत. डायॉक्सिन मोडायला 850 अंशांच्या वरची भट्टी लागते. काकांची चूल अजून तिथवर पोचलेली नाही.)

मासे घ्याल तर मोठेच. तारली-मांदेलीत काय आहे? लहान्याला मोठा गिळतो, त्याला त्याहून मोठा, आणि दर घासागणिक ऐवज वाढत जातो. मुशीसारखा शिकारी मासा बघा.

'मी चरबीला हात लावत नाही' म्हणणाऱ्यांनी हिरमुसू नये. पीएफएएस हे सहजी न मोडणाऱ्या रसायनांचं वेगळं घराणं. ते रक्तातल्या प्रथिनांना आणि काळजाला, म्हणजे यकृताला, धरून बसतं. त्यातल्या पीएफओएला तर 2023 मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं माणसाला कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्याच गटात बसवलं. मान मोठा आहे!

बंदीचं टेन्शन घेऊ नका. असल्या चिवट विषांना आवर घालणारा स्टॉकहोम करार 2001 चा, भारतानं तो 2006 मध्ये मान्यही केला. पण कराराची प्रत काही अजून चरबीला पोचलेली नाही.

आणि शाकाहारी मंडळी, तुम्हाला कोण विसरतंय? गंगावेशीत दूध कट्ट्यावर या, फेसाळ ग्लास उभ्यानं रिकामा करा. दुधाच्या स्निग्धांशातही पाहुण्याची सोय होते. फक्त म्हैस कुठं चरून आली, ते विचारू नका. तिला राग येतो.