रक्ताची नळी रात्री अकरापर्यंत थांबत नाही

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, माझंच चुकतंय का?" ती एका वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे, नोकरीचं दुसरंच वर्ष. सहा दिवसांच्या आठवड्यातला दीड दिवस संशोधनासाठी राखून मिळावा, असा अर्ज तिने दिला होता. उत्तर म्हणून वरिष्ठांनी विभागाच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला. दोन दिवसांत तिने अर्ज मागे घेतला. मला राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

मेसेजचा आशय असा: मलेरियाचा प्रसार उलगडणारा रोनाल्ड रॉस आणि इन्सुलिन शोधणारा बँटिंग यांनी नोकरी सांभाळून शोध लावले. खरी ओढ असलेला माणूस रात्री आणि रविवारी संशोधन करतो. राखीव वेळ म्हणजे कामचुकारांना मोकळं रान. आणि तरुण डॉक्टर प्रयोगशाळेत जाऊन बसले तर पेशंट कोण बघणार?

आधी रात्रीचंच घेते. हे वाक्य लिहिणाऱ्याने कधी एक नमुनाही स्वतःच्या हाताने सांभाळलेला दिसत नाही. बहिणीचा अभ्यास डायबेटिसच्या पेशंटवर आहे. अभ्यास कशाचा ते समजावून सांगायचं, संमतीपत्रावर सही घ्यायची, रक्त घ्यायचं, हे सगळं पेशंट समोर असतानाच होतं, म्हणजे सकाळच्या ओपीडीत. पुढचं काम तर घड्याळाशी बांधलेलं. साध्या नळीत घेतलेल्या रक्तातल्या पेशी नळीतही साखर वापरत राहतात, खोलीच्या तापमानाला ग्लुकोज तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी उतरतं. जास्त वेळ गेला की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं. म्हणून रक्त घेतल्यापासून 2 तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे नळी यंत्रात वेगाने फिरवून, सीरम (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) वेगळं काढावं लागतं.

तिने मध्यंतरी मला एक फोटो पाठवला होता. स्टँडमध्ये 11 नळ्या, प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरात क्रमांक आणि वेळ: 10.05, 10.20, 10.40... फोटो काढला तेव्हा वाजले होते सव्वादोन. ओपीडीतून तिला उठताच आलं नव्हतं. सगळ्या नळ्या टाकून द्याव्या लागल्या. 11 माणसांनी बाही वर करून सुई टोचून घेतली होती, आपल्या रक्ताचा कुणाला तरी उपयोग होईल म्हणून. त्यांना ती काय सांगणार, की माझी ओढ कमी पडली?

रविवारी ओपीडी बंद असते. संध्याकाळी टेक्निशियन घरी गेलेला असतो, संख्याशास्त्राचा माणूस भेटत नाही, संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची बैठक दिवसाच होते. रात्री हाती उरतं ते वाचन आणि टायपिंग. तेही रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या हातून, ज्याला 58 आणि 85 यांतला फरक दिसेनासा झालेला असतो. मग बढतीपुरते पेपर तयार होतात: जुनी केसपेपरं काढायची, त्यात जेवढं लिहिलेलं सापडेल तेवढ्याचे तक्ते मांडायचे आणि पाठवायचे. आणि पुढे हेच वरिष्ठ तक्रार करतात की हल्लीच्या संशोधनाला दर्जा नाही.

आता इतिहास, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. रॉसने 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी पाहिले तेव्हा तो लष्करी नोकरीत होता, एवढं बरोबर. पण लगेच त्याची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला झाली, मलेरियाचे पेशंट मिळेनात आणि काम ठप्प झालं. लंडनहून त्याचा मार्गदर्शक डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन याने खटपट केली, तेव्हा 1898 च्या सुरुवातीला सरकारने त्याला कलकत्त्यात 'स्पेशल ड्युटी' दिली: मलेरिया आणि काळा आजार यांचाच अभ्यास. त्याच वर्षी जुलैत त्याने पक्ष्यांमधला मलेरिया डासाच्या चावण्यातून पसरतो हे सिद्ध केलं. स्पेशल ड्युटी म्हणजे राखीव वेळच की!

बँटिंगचंही तेच. 31 ऑक्टोबर 1920 च्या रात्री व्याख्यानाची तयारी करताना त्याला कल्पना सुचली. कल्पना नोकरी करताना सुचते, पेशंट बघता बघताच सुचते, हे मी मान्य करते. पण ती तपासायला त्याने 1921 मध्ये आपला दवाखाना बंद केला आणि तो टोरँटोला गेला. तिथल्या विद्यापीठातल्या प्राध्यापक मॅक्लिऑडने त्याला प्रयोगशाळा दिली, मदतीला चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी दिला. जानेवारी 1922 मध्ये 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं इंजेक्शन मिळालं, ते या सलग महिन्यांमुळे.

कामचुकारपणाबद्दल: हो, गैरवापर होतो. राखीव दिवशी खासगी प्रॅक्टिस करणारे मी पाहिलेत. पण त्यावर उपाय हिशेब मागणं हा आहे. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचे तरुण डॉक्टर-संशोधकांसाठी 'के' पुरस्कार आहेत. त्यांत साधारणपणे किमान 75 टक्के वेळ, म्हणजे वर्षातले 9 महिने, संशोधन आणि त्याच्या प्रशिक्षणाला द्यावे लागतात. हे 3 ते 5 वर्षं चालतं, डोक्यावर मार्गदर्शक असतो, दरवर्षी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो आणि संस्थेला या वेळेची लेखी हमी द्यावी लागते. सर्जनना पेशंट सोडता येत नाहीत म्हणून काही शाखांना सवलत आहे, तरी ती 50 टक्क्यांच्या खाली जात नाही. माझ्या बहिणीने मागितला होता पाव हिस्सा.

राहिला पेशंटचा मुद्दा. 1940 च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन देत होते, मनापासून, रात्रंदिवस जागून. त्यातून जगभरात सुमारे 10,000 मुलं आंधळी झाली. हे ऑक्सिजनमुळे होतंय हे 1953-54 मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने पक्कं झालं. ती चाचणी करायला कुणीतरी वेळ काढून दिला होता, तोही पेशंटसाठीच. दीड दिवसाच्या ओपीडीला दुसरा माणूस नेमणं हे संस्थेचं काम आहे, ते माझ्या बहिणीच्या रात्रीच्या झोपेतून कापून घेता येणार नाही.

बाळा, तुझं चुकत नाहीये. अर्ज पुन्हा दे, ग्रुपवर नको, लेखी दे आणि पोच घे. दीड दिवस कोणता, त्या वेळात काय करणार, सहा महिन्यांनी काय दाखवणार, हे त्यात लिही. आणि सोबत त्या 11 नळ्यांचा फोटो जोड.