सोनेरी सुयांचा स्फटिक घेताना

सोनेरी सुयांच्या स्फटिकावरच्या एका लेखात म्हटलंय, आत सोनेरी सुया दिसल्या की स्फटिक खरा. एवढ्यावर पैसे मोजू नका. बडोद्यात मांडवीला घ्या की खंबातहून आणा, १० पटीचं भिंग सोबत हवंच. या सुया म्हणजे स्फटिकात अडकलेलं रुटाइल नावाचं खनिज; त्या बहुधा ताठ असतात, कधी ६० अंशांत एकमेकींना छेदतात; गोल बुडबुडे दिसले तर काचेचा संशय घ्या. मग खडा दिव्याखाली तिरका धरून पृष्ठभाग तपासा. सुई जिथे वर येते तिथे पॉलिश करताना तिचा तुकडा उपटून निघू शकतो आणि बारीक चर उरतो. त्यात तेल-मळ शिरला की रेघ काळपट दिसते, आणि दुकानदार ‘नैसर्गिकच आहे’ म्हणायला मोकळा! असा खडा अंगठीला नकोच, पेंडंटला चालेल. अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी दागिने धुणाऱ्या यंत्रात) घालू नका. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश पुरे.