खुलासा: पादचारी पुलाचं कंत्राट दिलं म्हणजे पैसे दिले, असं नाही

‘महापालिकेने पादचारी पुलाचे कोट्यवधी रुपये ठेकेदाराला देऊन टाकले, जागेवर मात्र एक खांब नाही,’ असा मजकूर फिरतोय. हे चूक आहे. मंजूर होते ती कंत्राटाची किंमत. त्यानंतर स्वीकृतिपत्र (निविदा स्वीकारल्याचं पत्र), ठेकेदाराने भरायची सुरक्षा अनामत, करारनामा आणि मग कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश. ठेकेदाराला देयक मिळतं ते साधारणपणे झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि तपासणी झाल्यावर, टप्प्याटप्प्याने.

मग खांब का दिसत नाही? पायाच्या जागी आधी चाचणी खड्डे खणावे लागतात. खाली जलवाहिनी किंवा विजेची केबल निघाली, तर ती हलवा नाहीतर पायाची जागा बदला, म्हणजे आराखडाही पुन्हा तपासा. तुळया तोवर कारखान्यात वेल्डिंग होऊन तयार होत असतात. रूळ ओलांडणारा पूल असेल तर रेल्वेची मंजुरी लागते आणि तुळई बसवायला वाहतूक व वीज बंद ठेवून ‘ब्लॉक’ घ्यावा लागतो. मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल मार्च 2019 मध्ये कोसळला. नवा पूल खुला व्हायला 2023 उजाडलं. दिरंगाईबद्दल जाब जरूर विचारा, पण कार्यादेशाची तारीख आणि कामाची मुदत मागून.