टॅबलेटवर आकृतिबंध शिकता येत नाहीत?

पालकांच्या ग्रुपवर एक संदेश सध्या खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनी स्वतःच्या मुलांना आयपॅड दिला नाही, स्वीडननं शाळांतून टॅबलेट हद्दपार केले, जागतिक आरोग्य संघटनेनं लहान मुलांसाठी स्क्रीनवर बंदी घातली. म्हणून आकृतिबंध, म्हणजे ठरावीक क्रमानं पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचना, शिकवायचे तर मणी आणि पानंफुलं घेऊनच. स्क्रीनवर मूल नुसतं बोट आपटायला शिकतं.

मणी आणि पानंफुलं मलाही हवीच आहेत. पण बाकीचं तपासल्याशिवाय पुढे ढकलू नये, कारण असं काही वाचून पालक पहिलीच्या बाईंना टॅबलेट कपाटात ठेवायला सांगतात.

जॉब्स यांचं ते बोलणं 2010 चं, आयपॅड नवा होता तेव्हाचं. ते छापून आलं 2014 मध्ये. मुलांनी तो अजून वापरलेला नाही, घरी तंत्रज्ञानावर आम्ही मर्यादा ठेवतो, एवढंच ते म्हणाले होते. तेव्हा त्यांचं सर्वांत धाकटं मूलसुद्धा बारा वर्षांच्या आसपास होतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या गणिताशी याचा काय संबंध?

स्वीडनच्या सरकारनं 2023 मध्ये बालवाड्यांतली डिजिटल साधनांची सक्ती मागे घ्यायचं ठरवलं आणि छापील पुस्तकांवर भर दिला. सक्ती काढणं वेगळं, बंदी घालणं वेगळं.

आरोग्य संघटनेची 2019 ची मार्गदर्शक सूचना मात्र गांभीर्यानं घ्यायलाच हवी. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको; दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. ती आहे पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आणि तिचा रोख बसून राहण्यावर आहे. टॅबलेटवरचं दहा मिनिटांचं काम त्या मर्यादेत सहज बसतं.

आता मुख्य मुद्दा, बोट आपटण्याचा. फूल, फूल, पान, फूल, फूल, पान अशी माळ समोर ठेवून ‘पुढे ओव’ म्हटलं, तर पुष्कळ मुलं मागे बघत बघत बरोबर ओवतात. आपण समजतो, आकृतिबंध कळला. पण ‘यात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा कोणता? तोच टाळी-चुटकीनं करून दाखव’ म्हटलं की तीच मुलं अडतात. तो तुकडा हेरणं हा खरा गाभा आहे, आणि इथेच चांगलं डिजिटल साधन उपयोगी पडतं.

स्क्रॅचज्युनियर घ्या. 2014 साली आलेलं हे मोफत अ‍ॅप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. स्क्रीनवरचे ठोकळे ओळीनं जोडून पात्राला काय करायचं ते सांगायचं. ठोकळ्यांवर चित्रं असतात, त्यामुळे वाचता यायची गरज नाही. अ‍ॅपमधल्या मांजराकडून ‘उडी, उडी, गिरकी’ चार वेळा करून घ्यायचं. गिरकीच्या ठोकळ्यावर 12 टाकले की मांजर पूर्ण फिरतं. तीन ठोकळे चार वेळा, असे बाराच्या बारा ओळीनं लावता येतात; पण पुनरावृत्तीचा नारिंगी ठोकळा वापरायचा, तर त्याच्या पोटात नेमकं काय घालायचं हे मुलाला ठरवावंच लागतं. आत एकच उडी घातली, तर मांजर लगेच उडी, गिरकी, उडी, गिरकी करू लागतं. मूल बघतं, ‘एक उडी राहिली’ म्हणतं आणि स्वतः दुरुस्त करतं. चूक बाईंनी दाखवावी लागत नाही.

याउलट, चार चित्रांतलं एक निवडा, चुकलं तर दुसरं दाबा, शेवटी फुगे फुटणारच, अशी अ‍ॅप भरपूर आहेत. त्यांच्याबाबत संदेशातली तक्रार अगदी रास्त आहे. ती अ‍ॅप काढून टाका.

स्क्रीनवर गणित शिकताच येत नाही म्हणणाऱ्यांनी आफ्रिकेतल्या मलावी देशातला प्रयोगही पाहावा. संशोधक निकोला पिचफर्ड यांनी तो 2015 मध्ये प्रसिद्ध केला. मुलांनी आठ आठवडे टॅबलेटवर आपल्याच चिचेवा भाषेत गणित केलं. दुसरी-तिसरीची मुलं नेहमीच्या पद्धतीनं शिकणाऱ्यांच्या पुढे गेली. प्रयोग फक्त आकृतिबंधांचा नव्हता, प्राथमिक गणिताचा होता. पण ‘शिकताच येत नाही’ हा दावा त्यापुढे टिकत नाही.

राहिला प्रश्न मणी की टॅबलेट. केंद्र सरकारनं 2023 मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आणलेल्या ‘जादुई पिटारा’ या शैक्षणिक साहित्याच्या संचात खेळणी, कोडी, चित्रकार्डं आहेत; पुढे त्याची डिजिटल आवृत्तीही आली. वर्गात दोन्ही चालतं. आधी माळ ओवून घ्या, मग दोघांत एक टॅबलेट द्या, म्हणजे कोणता ठोकळा आत जाईल यावर मुलं मोठ्यानं वाद घालतील. आणि टॅबलेट बंद केल्यावर तोच तुकडा टाळ्या-चुटक्यांत करून घ्या.