काय वाटलं?

माझ्या एका मित्राला आवाजाचा नाद आहे. नाद म्हणजे आवाजच की, असं तुम्ही म्हणाल; पण त्याला गाण्याचा नाद नाही, आवाजाचा आहे. गाणं हे त्याच्या लेखी आवाज तपासायचं साधन, तापमापकातल्या पाऱ्यासारखं. पाऱ्याशी कुणी गप्पा मारत नाही.

हा मित्र मला उंची साउंड सिस्टिम्सच्या प्रदर्शनाला घेऊन गेला. "तुला काहीच करायचं नाही, नुसतं बसून ऐकायचं," असं सांगून नेलं. हे साफ खोटं होतं. ऐकणं हा त्यातला सोपा भाग. संकट पुढे असतं. गाणं थांबतं, खोलीचा यजमान वळतो, हात चोळतो आणि विचारतो, "काय वाटलं?"

असली प्रदर्शनं हॉटेलात भरतात. खोलीतला पलंग बाहेर काढायचा आणि त्याच्या जागी पलंगाहून जड स्पीकर आणून ठेवायचे. पहिल्याच खोलीत मी प्रामाणिकपणे म्हणालो, "छान वाटलं." समुद्र बघून "ओला आहे" म्हणणाऱ्याकडे बघावं तसं यजमानांनी माझ्याकडे बघितलं. मित्राने घाईघाईने बाजू सावरली, "स्टेज रुंद आहे, पण खोली जरा कमी पडते." मी भिंतींकडे बघत जोरात मान हलवली. खोली खरंच लहान होती. बाहेर आल्यावर कळलं, की तो वेगळ्या खोलीबद्दल बोलत होता. गाणारी पुढे, गिटार तिच्या मागे, असं अंतर कानाला जाणवायला हवं, ती खोली.

ही स्टेजची जादू मात्र खरी आहे, ते कबूल करतो. दोन स्पीकर आणि आपण असा त्रिकोण साधला, की जिथे काहीच नाही अशा मधल्या जागेत बाई येऊन उभी राहते. नुसता आवाज नव्हे, बाई. अॅलन ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1931 साली स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो याच करामतीसाठी. मला ती दिसली तेव्हा अंगावर काटा आला. पण हा त्रिकोण एकाच खुर्चीपुरता असतो. मागच्या माणसाला दिसावं म्हणून मी जरा डावीकडे सरकलो, तर बाईही सरकली आणि डाव्या स्पीकरात जाऊन बसली. त्या एका खुर्चीसाठी पाच-सहा गृहस्थ भिंतीला टेकून, छताकडे बघत, आपल्याला काही घाई नाही असं दाखवत उभे असतात. खुर्ची रिकामी होताच तिच्याकडे जाण्याचा त्यांचा वेग बघण्यासारखा असतो.

तिसऱ्या-चौथ्या खोलीपर्यंत भाषा थोडी कळायला लागली. आवाज उबदार असतो, थंड असतो, कोरडा असतो, पारदर्शक असतो. पार्श्वभूमी काळीभोर असते. बास घट्ट असतो किंवा सैल पडतो. कानाने ऐकलेल्या गोष्टीसाठी कानाचा एकही शब्द नाही, सगळी उसनवारी त्वचेकडून आणि डोळ्यांकडून. आपल्याकडे खर्ज आहे, टीप आहे, पट्टी आहे. पण हे शब्द काढले की यजमान आदराने गप्प होतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात.

व्हॉल्व्हच्या खोलीत माझं नशीब उघडलं. अॅम्प्लिफायर सुटकेसएवढा, त्यावर जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह नारिंगी तेवत होते. हा 300बी नावाचा व्हॉल्व्ह 1930च्या दशकातला, आणि असा एक व्हॉल्व्ह जेमतेम सात-आठ वॅट देतो. एवढ्याशा वॅटमध्ये आवाज मोठा निघावा म्हणून समोर कर्ण्याचे स्पीकर, दाराएवढे उंच, आ वासलेले. खिडक्या बंद, माणसं दाटलेली, मशीन तापलेलं. गाणं थांबलं. "काय वाटलं?" मी कपाळाचा घाम पुसत म्हणालो, "उबदार." यजमानांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मित्राने अभिमानाने आजूबाजूला पाहिलं.

इथेच पहिल्यांदा रेकॉर्डचा विधी जवळून बघितला. तबकडी कडेला बोटं लावून उचलायची, ब्रशने झाडायची, मग वाकून, श्वास रोखून सुई टेकवायची. त्या सुईचा भार तबकडीवर साधारण दोन ग्रॅम. दोन ग्रॅमसाठी ऐंशी किलोचा माणूस असा वाकलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि एवढं करून मिनिटभराने सुई वर! कुठल्याच खोलीत कुठलंच गाणं पूर्ण होत नाही. नवीन माणसं आत येतात, यजमानांना पुढचा मुद्दा दाखवायचा असतो. त्यातून बहुतेक खोल्यांत गाणं तेच: एक बाई आणि एक गिटार. बाई कुणाची तरी वाट बघत असते, पहिल्या कडव्याच्या शेवटी तिला दाराशी पावलं वाजल्यासारखी वाटतात, आणि सुई वर. दिवसभरात मी ती पावलं अकरा वेळा ऐकली. ओठ सुटताना होणारा तिचा बारीकसा आवाजही मला पाठ झाला. दाराशी कोण होतं, ते काही कळलं नाही.

मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, "ती पावलं नाहीत, गिटारवाला पाय आपटतोय. चांगल्या सिस्टिमवर कळतं."

केबलच्या खोलीत मी सावध झालो. मनगटाएवढी जाड केबल, जमिनीला लागू नये म्हणून लाकडी ठोकळ्यांवर निजवलेली. आधी साधी केबल लावून गाणं, मग ही लावून तेच गाणं. दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी "अहाहा" केलं, मीही केलं. फक्त मधल्या वेळात यजमानांचं बोट व्हॉल्यूमच्या बटणाला जरासं लागलेलं मी पाहिलं होतं. आवाज बेताचा असला, की कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच मोजून ठेवलंय. त्यामुळे गाणं किंचित मोठं केलं, की ते मोठं न वाटता भरदार वाटतं. यजमानांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. बोट लागतं माणसाचं.

शिवाय ऐकणाऱ्याला पटवून घ्यायची हौस असतेच. 1915च्या सुमारास एडिसनच्या कंपनीने रंगमंचावर गायिका आणि फोनोग्राफ शेजारी उभे करून, मध्येच अंधार करून, लोकांना ओळखायला लावलं होतं, की आता बाई गातेय की यंत्र. लोक फसले. त्या खरखरत्या यंत्राने! त्यांतल्या एका गायिकेने पुढे म्हातारपणी कबूल केलं, की ती आपला आवाज यंत्राच्या बेताने लावत असे. म्हणजे यंत्र माणसासारखं झालं नव्हतं, बाई यंत्रासारखी झाली होती.

एका खोलीत सांगण्यात आलं, की हा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, 40,000 हर्ट्झपर्यंत जातो. माणसाचा कान ऐन तारुण्यात 20,000पर्यंत पोचतो आणि वय वाढेल तसा वरून छाटला जातो. मी खोलीत नजर फिरवली. सगळी पन्नाशीपुढची पुरुषमंडळी डोळे मिटून, वटवाघळाच्या वाट्याचा आवाज मनापासून ऐकत होती. मीही मिटले.

इतकी तालीम झाल्यावर शेवटच्या खोलीत मला आत्मविश्वास नडला. तिथे स्पीकर म्हणजे माणसाएवढे सपाट पडदे होते. आत केसाहून पातळ पडदी, तिच्या दोन्ही बाजूंना जाळ्या, आणि सगळा कारभार उच्च दाबाच्या विजेवर. क्वाड कंपनीने 1957 साली असले स्पीकर बाजारात आणले, तेव्हापासून त्यांचे भक्त वेगळे. गाणं सुरू झालं. बाई, गिटार, सगळं स्वच्छ, आणि तळाला गंभीर, पोटात घुमणारा खर्ज. खुर्चीचा हात थरथरत होता. यजमानांनी विचारायच्या आत मीच म्हणालो, "काय बास आहे! इतका घट्ट बास आज कुठे ऐकला नाही."

खोलीत शांतता पसरली. गाणं थांबलं होतं. खर्ज चालूच होता.

"तो शेजारच्या खोलीचा आहे," यजमान म्हणाले. सकाळपासून हे वाक्य त्यांनी किती जणांना सांगितलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मित्राने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि जिन्यात समजावलं, की या स्पीकरचा बास मुळातच नाजूक, हीच त्याची ख्याती. आणि 40 हर्ट्झच्या सुराची लांबी साडेआठ मीटर, तो हॉटेलच्या भिंतीला काय जुमानतो! "पण ऐकू आला ना तुला?" तो पाठीवर थाप मारत म्हणाला. "म्हणजे कान आहे."

घरी आल्यावर आधी ते गाणं मोबाइलवर शोधलं. मोबाइलचा आवाज चिरका, म्हणून काचेच्या रिकाम्या पेल्यात उभा ठेवला आणि पहिल्यांदाच दुसरं कडवं ऐकायला बसलो. तेवढ्यात मित्राचा फोन आला. गाणं थांबलं, अर्थात पहिल्याच कडव्याच्या शेवटी. काय करतोयस, असं त्याने विचारलं, मी खरं ते सांगितलं. पलीकडे तो क्षणभर काही बोलला नाही. मला वाटलं, आता शिव्या घालणार.

"पेला काचेचा की स्टीलचा?" त्याने विचारलं.

"काचेचा."

"काच कोरडी वाजते रे."

फोन ठेवला. बराच वेळ त्या पेल्याकडे बघत बसलो. मग स्वयंपाकघरात जाऊन स्टीलचा घेऊन आलो, मोबाइल त्यात ठेवला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

फरक होता. मेल्याने वाट लावली माझी.