बारा मुलाखतींचा कोटा

‘मुलाखती फक्त पंधराच? एवढ्यावरून काय सिद्ध होणार?’ भारतात गुणात्मक (आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांवर आधारलेल्या) संशोधनावर पीएच.डी. करणाऱ्याला मौखिकीत हा प्रश्न चुकत नाही. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, गृहीतक नसलं तर गाडी तिथेच अडते. त्यावर तिथले तरुण संशोधक हल्ली एक तोडगा सुचवतात: परदेशातले निकष आणि चेकलिस्ट आपणही लावू, म्हणजे आकडेवाल्यांची तोंडं बंद होतील.

ब्रिटनमध्ये आरोग्यविषयक संशोधन करताना मला हा तोडगा पटेनासा झालाय.

मुलाखतींच्या संख्येचंच बघा. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी २००६ साली पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांत घेतलेल्या ६० मुलाखती तपासल्या. नवीन मुद्दे बहुतांशी पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. गट बऱ्यापैकी एकजिनसी असेल तर एवढ्या पुरतात, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. त्यातली अट गळून पडली आणि बारा हा कोटा झाला. आता प्रस्तावात बारा-पंधरा लिहायचं आणि शेवटी ‘संपृक्तता साधली’, म्हणजे नवीन मुद्दे येणं थांबलं, असं म्हणायचं. ती कशी साधली, हे क्वचितच कोणी विचारतं.

२००७ मध्ये ‘कोरेक’ ही गुणात्मक अभ्यासाच्या अहवालात काय काय सांगावं याची ३२ मुद्द्यांची यादी आली. यादी वाईट नाही. मुलाखत घेणारा कोण, त्याचं उत्तर देणाऱ्याशी नातं काय, हे ती विचारते. पण तिने गुणात्मक संशोधनाला प्रतिष्ठा मिळाली का? २०१६ मध्ये ११ देशांतल्या ७६ अभ्यासकांना ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांना खुलं पत्र लिहावं लागलं, कारण गुणात्मक लेखांना आमच्याकडे प्राधान्य नाही, असं सांगून हे नियतकालिक ते परत करत होतं. यादी तेव्हा नऊ वर्षांची होती.

इथे ब्रिटनमध्ये खरी टंचाई वेळेची आहे. अनुदानाची मुदत ठरलेली, त्यातले काही महिने नैतिकता समितीच्या परवानगीत जातात (ती हवीच, आणि तिकडेही ती नुसती सहीपुरती नसावी). मग व्हिडिओ कॉलवर तासाभराची मुलाखत. आता तर एआय संध्याकाळपर्यंत ‘थीम्स’ही, म्हणजे मुलाखतींतली मुख्य सूत्रंही, काढून देतं. ध्वनिमुद्रण उतरवून घ्यायला मी ते वापरते. अर्थ लावायला मात्र नाही. रेकॉर्डर बंद झाल्यावर माणूस दारात उभं राहून जे बोलतो, ते फाइलमध्ये नसतंच. शिवाय चुकीचा अर्थ लावला तर जाब कोणाला विचारायचा?

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात अनेक महिने राहिले. १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांच्या तयार केलेल्या नोंदी जळाल्या, तेव्हा त्या गावावरचं पुस्तक त्यांनी मुख्यतः आठवणीतून लिहिलं. ३२ मुद्द्यांच्या परीक्षेत ते बहुधा नापास होईल. पण ते लिहिता आलं, ते तिथे घालवलेल्या दिवसांमुळे.

भारतातल्या विद्यार्थ्याला लोकांची भाषा येते आणि पुन्हा जाऊन बसणं इथल्यापेक्षा सोपं असतं. मार्गदर्शकाने ‘किती जणांना भेटलात?’ऐवजी ‘त्याच माणसाकडे परत किती वेळा गेलात, आणि दुसऱ्यांदा तो काय वेगळं बोलला?’ असं विचारायला हवं. आणि त्यासाठी लागणारे महिने व प्रवासखर्च विद्यापीठाने सिनॉप्सिस मंजूर करतानाच धरायला हवेत.