‘दुसऱ्याचा संगणक’ या आक्षेपाला उत्तर

क्लाउडमुळे टीममधल्या भूमिका आणि ॲप्लिकेशनची रचना कशी बदलते, या माझ्या लेखावरील आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. आपल्या मते क्लाउड म्हणजे भाड्याने घेतलेला दुसऱ्याचा संगणक. त्यामुळे टीममधल्या कामांची फक्त नावे बदलतात आणि कालचा सिस्टिम ॲडमिन (सर्व्हर सांभाळणारा) आज डेव्हऑप्स इंजिनिअर (सॉफ्टवेअर बनवणे आणि चालवणे यांची सांगड घालणारा) म्हणवून घेतो. शिवाय मायक्रोसर्व्हिसेसचा, म्हणजे ॲप्लिकेशनचे लहान स्वतंत्र सेवांमध्ये तुकडे करण्याचा, आग्रह धरून मी लहान टीमना खड्ड्यात घालतो आहे, असे आपले तीन आक्षेप आहेत. शेवटचा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. पहिले दोन मान्य नाहीत, आणि त्यांचे उत्तर एकच असल्याने ते एकत्रच देतो.

संगणक दुसऱ्याचा असतो, हे खरेच. पण तो कोणाचा आहे यापेक्षा तो मिळतो कसा, याने अधिक फरक पडतो. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एसथ्री ही साठवणसेवा खुली केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसीटू ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा चाचणी स्वरूपात आणली. आपल्या जागेत स्वतःचा सर्व्हर बसवायचा तर अंदाजपत्रक, मंजुरी, खरेदी आणि जोडणी अशी सगळी वाट चालावी लागते, आणि त्या वाटेवर ‘एवढा मोठा सर्व्हर कशासाठी?’ असे विचारणारे कोणीतरी अनुभवी माणूस हमखास भेटते. क्लाउडवर एक एपीआय कॉल (प्रोग्राममधून पाठवलेली विनंती) केला की सर्व्हर हजर होतो. जो निर्णय खरेदीच्या कागदावर होत असे, तो आता कॉन्फिगरेशनच्या एका ओळीत होतो, आणि ती ओळ बऱ्याचदा डेव्हलपरच लिहितो. ‘कशासाठी?’ विचारणारा माणूस मात्र वाटेतून नाहीसा झालेला असतो; तो प्रश्न महिनाअखेरीस बिल विचारते.

ॲडमिनचे काम बदलते ते इथे. प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या हाताने उभा करण्याऐवजी, कोणाला काय उभे करता येईल याच्या मर्यादा, टेराफॉर्मसारख्या (लिहिलेल्या वर्णनावरून सर्व्हर आपोआप उभे करणाऱ्या) साधनातले तयार साचे, परवानग्या आणि खर्चाचे इशारे त्याला आखून द्यावे लागतात. ज्या टीममध्ये तो अजूनही एकेका तिकिटासाठी (नोंदवलेल्या विनंतीसाठी) कन्सोलमध्ये (क्लाउडच्या नियंत्रण-पानावर) जाऊन बटणे दाबतो, तिथे आपली टीका अगदी योग्य आहे: टेबल तेच, पाटी नवी. अशा टीम मी पाहिल्या आहेत. एकीत मी स्वतः होतो.

त्याच टीममधला एक प्रसंग सांगतो, कारण टीममधल्या भूमिका आणि ॲप्लिकेशनची रचना हे दोन वेगळे विषय आहेत असे जे आपण गृहीत धरले आहे, त्याचे उत्तर त्यात आहे. आमचे ॲप्लिकेशन वापरकर्त्यांनी चढवलेल्या फायली सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवत असे. एकाच सर्व्हरवर हे अनेक वर्षे बिनबोभाट चालले होते. क्लाउडवर आल्यावर ऑटोस्केलिंग सुरू केले; दिवसा वर्दळ वाढली की सर्व्हर वाढत आणि रात्री कमी होत. पहिल्याच रात्री नको असलेले सर्व्हर नियमाप्रमाणे बंद झाले आणि त्यांच्या डिस्कबरोबर दिवसभराच्या फायलीही गेल्या. ज्याने ऑटोस्केलिंग लावले त्याने ते बरोबर लावले होते, ज्याने कोड लिहिला त्याचा कोड पूर्वीसारखाच चालत होता आणि ज्याने चाचणी केली त्याने ती एकाच सर्व्हरवर नीट केली होती. तिघांनी आपापले काम चोख केले, तरी फायली गेल्या, कारण ‘हा सर्व्हर कोणत्याही क्षणी जाऊ शकतो’ ही गोष्ट तिघांपैकी कोणाच्याच कामात बसत नव्हती.

त्यानंतर आम्ही फायली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (एसथ्रीसारख्या, सर्व्हरपासून वेगळ्या साठवणीत) आणि सेशन (लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची तात्पुरती माहिती) सर्व सर्व्हरना सामायिक असलेल्या कॅशमध्ये (जलद तात्पुरत्या साठ्यात) हलवली, हा रचनेतला बदल. चाचणी करणाऱ्याने चाचणीच्या मध्यातच मुद्दाम एखादा सर्व्हर बंद करायचा, हा कामातला बदल. (नेटफ्लिक्सचे केऑस मंकी हे साधन हेच काम प्रत्यक्ष ग्राहक वापरत असलेल्या प्रणालीवर करते, तेवढे धाडस आम्हाला कधी झाले नाही.) ॲप्लिकेशनचे भाग एकमेकांना रांगेतून जे संदेश पाठवतात, त्यांचेही तसेच आहे. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या संदेशसेवेची साधी रांग संदेश किमान एकदा पोहोचवण्याची हमी देते, म्हणजे तो क्वचित दोनदाही येऊ शकतो. पैसे वजा करणारा कोड हे लक्षात न घेता लिहिला, तर ग्राहकाचे पैसे दोनदा जातील. म्हणून दुसऱ्यांदा आलेला संदेश ओळखता यावा यासाठी प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ओळखक्रमांक देणे हा डेव्हलपरच्या रोजच्या विचाराचा भाग व्हावा लागतो.

ॲमेझॉनचे तंत्रज्ञानप्रमुख वर्नर व्होगेल्स यांनी २००६ मधील एका मुलाखतीत, जो सेवा बांधतो त्यानेच ती चालवावी, असे तत्त्व मांडले होते. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की रात्री दोन वाजता फोन डेव्हलपरचा वाजतो. ९९.९ टक्के उपलब्धतेचे वचन दिले, तर तीस दिवसांत सेवा बंद राहायला जेमतेम ४३ मिनिटे मिळतात. ती मिनिटे ज्याला मोजावी लागतात, तो टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) आणि पुनर्प्रयत्न किती ठेवायचे हे ठरवताना निष्काळजी राहत नाही.

आता मायक्रोसर्व्हिसेस. क्लाउडसाठी रचना करणे म्हणजे ॲप्लिकेशनचे तुकडे करणे, असा अर्थ माझ्या लेखातून निघत होता आणि तो चुकीचा आहे. सहा जणांच्या टीमने वीस सेवा सांभाळायला घेतल्या, तर सेवांमधला प्रत्येक साधा फंक्शन कॉल (कोडच्या एका भागाने दुसऱ्याला सांगितलेले काम) नेटवर्कवरून जाऊ लागतो आणि एक चूक शोधायला चार ठिकाणचे लॉग (कामाच्या नोंदी) चाळावे लागतात. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका टीमने व्हिडिओची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रणालीचे विखुरलेले भाग एकाच प्रक्रियेत आणले आणि त्या प्रणालीचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०२३ मध्ये सांगितले. हे उदाहरण आपल्या बाजूचे आहे, हे मान्य. फक्त एवढे लक्षात घ्यावे की ती टीम क्लाउड सोडून गेली नाही. अडचण खर्चाची होती आणि तिचे उत्तर रचनेत सापडले.

मूळ लेखातला मायक्रोसर्व्हिसेसचा परिच्छेद आज बदलतो आहे, आणि तो आपल्या आक्षेपामुळे बदलला अशी नोंद तिथे ठेवतो. भूमिकांविषयीचा भाग मात्र आहे तसाच राहील.